सागवानावर दुसरा हात

सरका जवळ. आणि नेत्रा, तो मोबाइल जरा पालथा ठेव. ही गोष्ट मला अंबादासने सांगितली. आपल्या मजल्यावरची निम्मी घरं ज्याने रंगवली, तोच अंबादास. दारू पीत नाही, थापा मारत नाही. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

शनिवार होता, २ डिसेंबर २०२३. संध्याकाळी सहाच्या सुमाराला ॲड्रियन नावाचा माणूस मरोळच्या हार्डवेअरच्या दुकानातून पांढऱ्या ऑइल पेंटचा डबा घेऊन निघाला. गावठाणातलं बैठं घर त्याला आत्याकडून, जोसेफीन आंटीकडून, मिळालेलं. तिला मूलबाळ नव्हतं. तिचा नवरा अँथनी गोदीत सुतार. लग्न झाल्यावर त्याने हॉलच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत सागवानी फळ्या बसवल्या, स्वतःच्या हाताने. साठ वर्षं पॉलिश पिऊन त्या काळ्याभोर झालेल्या. शेवटच्या आजारात आंटी एवढंच म्हणाली होती, "बाकी कायपण कर रे, त्या फळ्यांना हात नको लावू."

हा "हो आंटी, हो आंटी" म्हणाला. आणि ती गेल्यावर चर्चमधली महिन्याची मिस्सा झाली नाही तोच रंगारी बोलावला.

हल्ली अशी माणसं फार झालीत. फोनवर घरं बघायची. पांढरी भिंत, पांढरा सोफा, कोपऱ्यात एक कुंडी. झाली यांची आवडनिवड! सागवान आणि प्लायवुड यातला फरक यांना कळत नाही, आणि कळत नाही याची लाजही वाटत नाही.

अंबादास सकाळीच म्हणाला होता, "मालक, असल्या लाकडाला रंग मारत नाहीत. पॉलिश करून देतो. चेहरा दिसेल तुमचा."

"तुला रंग मारायला बोलावलंय, लेक्चर द्यायला नाही. शवपेटीत बसल्यासारखं वाटतं यार इथे. सोमवारी भाडेकरू येतोय, त्याला सगळं व्हाइट पाहिजे."

अंबादासने मुकाट्याने पॉलिश पेपर मारला, दुपारपर्यंत पहिला हात दिला. ॲड्रियन नवा डबा घेऊन आला, तर हा फळीला कान लावून उभा. त्याला बघून बाजूला झाला. हात पुसले.

"मी चाललो."

"आणि दुसरा हात?"

"तुम्ही मारा."

"का? आंटी चावली?" ॲड्रियन खो खो हसला. अंबादासने चपला घातल्या आणि गेला.

"फुकट्या साला," ॲड्रियन पुटपुटला. "रंग काय, माकडसुद्धा मारेल." बाह्या सरसावल्या, स्टुलावर चढला आणि सुरू झाला. वरून खाली, वरून खाली. ओघळ येत होते, ब्रशचे केस चिकटत होते. त्याला काय पर्वा!

साडेनऊ वाजले असतील. त्याच्या लक्षात आलं, की ब्रशचा आवाज दोनदा येतोय. एक आपला. सर्र. आणि त्याच्या मागोमाग दुसरा. सर्र...

तो थांबला. आवाजही थांबला.

त्या भिंतीमागे दुसरं घर नव्हतं. नुसती बोळ होती. त्याने खिडकीतून डोकावलं. बोळीत एक कुत्रा झोपलेला. बाकी कोणी नाही.

"अंबादास, नाटकं बंद कर हां!" तो ओरडला. कुत्र्याने मान वर केली, पुन्हा खाली टाकली.

तो परत आला. ब्रश उचलला, पण फळीला टेकवला नाही.

सर्र...

सर्र...

आवाज लाकडातून येत होता. फळीच्या मागून.

घाबरला होता. पण घाबरलोय हे मान्य करायलाही अंगात थोडा मोठेपणा लागतो. तो मोठ्याने म्हणाला, "आंटी, मेलीस ना? झोप ना मग गप!"

शांत झालं.

अगदी शांत. रस्त्यावरची एक रिक्षासुद्धा ऐकू येईना.

मग आवाज आला. छताजवळून. हळूहळू खाली उतरला. त्याच्या डोक्याच्या उंचीवर आला... कपाळासमोर... तोंडासमोर. तिथेच थांबला.

त्याच्या हातातला ब्रश पडला.

आवाज डावीकडे सरकला. एक फळी. दुसरी. तिसरी. दाराकडे. दार त्याच भिंतीत होतं.

तो भिंतीला न शिवता दाराकडे निघाला. आवाजही निघाला... पावलागणिक एक फळी. हा थांबला, की आवाज थांबे. कडी काढताना कानाशेजारी सर्र झालं. इतकं जवळ, की रंगाचा वास आला.

तो अनवाणी पळाला.

रविवारी सकाळी अंबादासला फोन. "दोन सुतार घेऊन ये. फळ्या उखडून टाकायच्यात. आत उंदीर झालेत." रात्रीचं सगळं त्यानेच मग अंबादासला सांगितलं, तुटक तुटक, आणि शेवटी पुन्हा, "उंदीरच रे."

"उंदीर ब्रश मारत नाहीत, मालक," अंबादास म्हणाला. "मी दुपारपासून ऐकत होतो."

ॲड्रियन आता त्या घराचं नाव काढत नाही. भाडेकरू आला नाही, कुलूप आहे. मी स्वतः बघून आलोय. पण सुतारांनी पहिली फळी काढली तेव्हा ॲड्रियन तिथेच उभा होता.

मागे उघड्या विटा. विटांवर साठ वर्षांची धूळ, जाळी, सगळं जसंच्या तसं. मध्ये जेमतेम बोटभर फट. तिथे हात जाणार नाही, ब्रश धरलेला तर नाहीच.

सुतारांनी फळी उलटी करून जमिनीवर ठेवली.

मागची बाजू पांढरी होती.

या कडेपासून त्या कडेपर्यंत. कुठे ओघळ नाही, ब्रशचा एक केस चिकटलेला नाही. दुसरी फळी काढली, तीही तशीच. तिसरीही. पस्तीस वर्षं रंगकाम केलं, म्हणाला अंबादास, पण इतका साफ हात आपल्याला जमला नाही.

अंबादास खाली बसला. फळीला एक बोट लावलं. बोट पांढरं झालं.

रंग ओला होता.