पट्टी सुटायच्या आधी

दुपारचा पाऊस रेंगाळला होता. जावं की थांबावं, त्याचं त्यालाच ठरत नव्हतं. अशा पावसात रोपवाटिकेच्या फाटकातून एकजण धावत आत आला. छातीशी ओल्या टॉवेलात काहीतरी गुंडाळलेलं, तेही इतकं जपून, की रोपवालीला वाटलं, तान्हं बाळच आहे.

"वाचेल का ही?" त्यानं धापा टाकत विचारलं.

तिनं टॉवेल उलगडला. आत गुलाबाची एक फांदी.

"घाबरवलंत हो. मला वाटलं, दवाखाना समजून आलात."

"दवाखाना समजूनच आलोय."

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आई गेली, भावांनी घर विकलं, आणि नव्या मालकानं अंगण साफ करताना आईनं वाढवलेला गुलाबही उपटला. हाती लागली ती ही फांदी. सगळं त्यानं हसत सांगितलं. पण टॉवेलाची घडी काही त्याला जमेना, आणि ते तिच्या नजरेतून सुटलं नाही.

फांदीवरचे डोळे, म्हणजे सालीवर निजलेले कोंब, जवळजवळ सगळे सुकले होते. देठाशी एक तेवढा हिरवा होता. तिनं तो पात्यानं अलगद उचलला, कुंडीतल्या रानगुलाबाच्या खोडाला चीर देऊन आत बसवला आणि वरून पट्टी गुंडाळली. मग दटावलं, की ही पट्टी मी सोडेपर्यंत हात लावायचा नाही. माणसांना दम निघत नाही, आत काय चाललंय म्हणून उघडून बघतात, आणि जुळत आलेलं सुटतं.

"आमच्याकडे तेच," तो म्हणाला. "बटण दाबून दाबून झिजवतात बिचारे. लिफ्ट आपली तिच्या चालीनं येते."

ती हसली. कितीतरी दिवसांनी कुणा परक्यासमोर हसली, हे तिला नंतर जाणवलं.

सुट्टीच्या दिवशी तो फांदीची खुशाली विचारायला येऊ लागला. खुशाली विचारायला कितीसा वेळ लागतो, पण याची दुपार सरायची. कुंड्या हलव, नळाचा वायसर बदल, मग ओट्यावर तिच्या बाबांजवळ बस. बाबांना शब्द सापडायला वेळ लागायचा. तो मध्ये शब्द न पुरवता शांत बसून राहायचा. घरातली तिची आत्या त्याला तोंडावर 'लिफ्टवाले' म्हणायची आणि पाठीमागे 'आपला लिफ्टवाला'.

बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा तिचं लग्न ठरलेलं होतं. थांबतो म्हणालेला मुलगा एक हंगामही थांबला नाही. मग वर्षामागून वर्षं थंडी आली, ऊन आलं, पाऊस आला. तिच्या दाराशी काही कुणी आलं नाही. बाबा भिंत धरून चालू लागले, तेवढंच. आत्या म्हणायची, देवाची वेळ देवाला ठाऊक, आपण हाक मारत राहावं. ती हाक मारायची खरी, पण देवाशी रोज हुज्जत घालून.

आणि एका सुट्टीला तो ओट्याकडे गेलाच नाही. कुंडीशी उभा राहून उगाच पानांवरचं पाणी झटकत राहिला. शेवटी म्हणाला, की दूरच्या शहरात मोठं रुग्णालय बांधतायत, तिथल्या लिफ्ट बसवायला त्याला पाठवतायत. वर्षभर तरी.

"जायच्या आधी एक विचारायचं होतं... म्हणजे, तुमची हरकत नसेल तर... तुम्ही मला—" तो अडखळला. "बघा, बाबांची सवय लागली मला."

"कळलं," ती म्हणाली. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. "पुढच्या सुट्टीला सांगते."

त्या संध्याकाळी तिनं देवासमोर बसून सौदा केला. डोळा रुजला असेल तर हो, नाहीतर नाही. आता तूच सांग. पण पट्टी सोडायची वेळ झाली नव्हती, आणि सुट्टी तर तोंडावर आलेली. आदल्या दुपारी आत्या झोपली, बाबा झोपले. गिऱ्हाइकांना ज्या कारणासाठी ती फैलावर घ्यायची, तेच तिनं केलं. पट्टी सोडली.

डोळा हिरवा होता. पण सालीखालचा जोड अजून ओला, कच्चा. पट्टीच्या शेवटच्या वेढ्याबरोबर तो अलगद सुटून तिच्या तळहातावर आला. तिनं पुन्हा बसवला, पुन्हा बांधला. सकाळपर्यंत तो काळा पडला होता.

तो आला तेव्हा तिनं कुंडी पुढे केली. "माझं उत्तर नाही असं आहे," ती म्हणाली आणि सौद्यासकट सगळं सांगून टाकलं.

खाली बसून त्यानं त्या काळ्या ठिपक्यावरून बोट फिरवलं.

"वाईट वाटतंय," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू. आईचं तेवढंच उरलं होतं."

"मला माफ—"

"एक सांगा. सोडलंत तेव्हा मेलेला होता?"

"नाही. हिरवा होता."

"म्हणजे तो नाही म्हणाला नव्हता." त्यानं मान वर केली. "अजून बोलत होता. तुम्ही त्याला मध्येच तोडलंत."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यातच हसूही. इतकी वर्षं ती समजत होती, देव गप्प आहे.

मग तिनं खरं काय ते सांगितलं. भीती डोळा न रुजण्याची नव्हतीच. बाबांना सोडून ती येऊ शकत नाही. वर्षानं नाही, कदाचित कधीच नाही. आणि थांबतो म्हणणाऱ्या माणसाचं काय होतं, हे तिनं पाहिलंय.

"मी थांबतो असं म्हणतच नाही," तो म्हणाला. "मी येत राहीन म्हणतो. पुढचं मला दिसत नाही."

"मलाही नाही."

"मग?"

तिनं कुंडी बाजूला ठेवली. मातीचे हात पदराला पुसले, तरी माती राहिलीच. आज विचारायला कुठली खूण नव्हती, पुढ्यात तेवढा तो होता.

"हो," ती म्हणाली. "कसं होणार ते ठाऊक नाही, पण हो."

तो एकदम उभा राहिला. बाबांना आत्ताच सांगतो, आत्यांनाही सांगतो, म्हणून ओट्याकडे निघालासुद्धा. तिनं त्याची बाही धरली.

"बसा थोडं," ती म्हणाली. "घाई काय आहे?"

तो बसला. बाही तिनं सोडली नाही.