आठवा नट

तो आमच्या गॅरेजच्या दारात आला तेव्हा त्याच्या खांद्यावर पोतं होतं आणि पोत्यात चार लाल स्प्रिंगा. त्याला माझे बाबा हवे होते, गावात मानाने ज्यांना डॉन एलाडिओ म्हणत ते. बाबा समोरच बसले होते, पण वेल्डिंगची झळ लागल्यामुळे दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. डॉक्टरांनी चार दिवस उघडायची नाही म्हणून बजावलं होतं.

तो म्हणाला, मग मी पुढच्या आठवड्यात येतो.

"कशाला?" बाबा म्हणाले. "डोळे माझे झाकलेत, पोरीचे हात उघडेच आहेत."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी चोवीस वर्षांची, कपाळाला ग्रीस, डाव्या हाताच्या नखांना लाल नेलपॉलिश आणि उजव्याला काहीच नाही. तो जरा हसला... तेवढ्याने माझ्या हातातला पाना निसटला.

नाव रादामेस. यौको गावच्या शाळेत गणित शिकवायचा. चकचकीत रुपेरी, दोन दारांची स्पोर्ट्स गाडी होती त्याची, पण उभी राहायची उंच. वर डोंगरात मारिकाओला राहणारे चुलतभाऊ तिला उंच टाचांची बकरी म्हणत. म्हणून या आखूड स्प्रिंगा. गाडी चार बोटं खाली बसवायची आणि त्याच दुपारी डोंगर चढून भावांच्या दारात नेऊन उभी करायची, असा त्याचा बेत.

मागच्या दोन स्प्रिंगा सहज बसल्या. पुढच्यांची मला भीती. जुनी स्प्रिंग लोखंडी आकड्यांमध्ये धरून आवळावी लागते, आणि आवळलेली स्प्रिंग सुटली तर समोर कोण आहे ते बघत नाही. बाबांची करंगळी तशीच गेली होती. मी त्याला लांब उभं राहायला सांगितलं. तो दोन पावलं मागे सरला, पुन्हा तीन पुढे आला.

"लागेल तुम्हाला," मी म्हटलं.

"तुम्हाला नाही लागणार?"

"मला सवय आहे."

"मला पण करून घ्यायचीय," तो म्हणाला, आणि लगेच स्वतःच लाजून पोत्याची घडी घालू लागला.

आमच्या गॅरेजची एक रीत होती. नट पक्का आवळला की त्यावर माझ्या नेलपॉलिशचा ठिपका. ठिपका नाही तर नट पक्का नाही, मग तो कितीही घट्ट दिसो. पुढच्या बाजूला बॉनेटखाली चार-चार नट, तीन लहान आणि मधोमध एक मोठा. मोठ्याचा शेवटचा पीळ गाडी खाली उतरवून, तिचं वजन तिच्या चाकांवर आल्यावरच द्यायचा. त्यासाठी बाबांचा लांब पाना होता. हवा तेवढा पीळ बसला की तो खटकन वाजायचा.

सहा लहान नट झाले, ठिपक्यांसकट. गाडी जमिनीवर उतरवली. काय सुंदर बसली होती ती, मांजर दबा धरून बसावं तशी... उजवीकडचा मोठा नट आवळला. खट. ठिपका दिला. बाटली घेऊन डावीकडे वळले तर तो वाटेतच उभा.

"एक विचारू? एकाच हाताला रंग का? दुसरा कुणासाठी राखून ठेवलाय?"

खरं उत्तर साधं होतं. उजव्या हाताने काम करते, रंग टिकत नाही. पण ते मला सुचलंच नाही. कान तापले. मी बॉनेट आपटून बंद केलं आणि म्हटलं, झालं तुमचं काम, निघा, दुपारी डोंगरात पाऊस असतो.

तो गेला. मी हत्यारं पुसत होते, गुणगुणतही असेन. हत्यारं संपत आली तेव्हा बाबा म्हणाले, "पोरी, लांब पाना एकदाच वाजला."

माझे हात थांबले.

"दोनदा वाजायला हवा होता ना?"

पाना उचलला, पिकअपची किल्ली घेतली आणि निघाले.

तो रस्ता मला पाठ होता, पण त्या दिवशी त्याला वळणंच वळणं फुटली. चौथ्या वळणावर पाऊस आला. प्रत्येक वळणावर मी आधी कठड्याकडे बघायची, मग खाली दरीत. कुठे काही रुपेरी चमकलं की पाय ब्रेकवर जायचा... आणि ते केळीचं ओलं पान निघायचं. हातानेच सैल बसवलेला नट. किती खड्डे सोसेल तो? दहा? वीस? मी खड्डे मोजायला लागले आणि मग मोजणं सोडून दिलं. त्याचं आडनावही मला माहीत नव्हतं. कुणाला काय कळवणार होते मी?

बाराव्या वळणावर खाऱ्या माशाचे वडे तळणारीची टपरी आहे. तिच्या पत्र्याखाली गाडी उभी होती, बॉनेट उघडं. शेजारी तो, बाकावर, दोन कप कॉफी घेऊन.

मी पाना घेऊनच खाली उतरले.

"एक थंड झाली," तो म्हणाला. "दुसरी आत्ताच घेतली."

"तुम्ही... थांबलात?"

"वडेवाल्या बाईंना गाडी आतून दाखवत होतो. सात लाल, एक कोरा. गणिताचा मास्तर आहे मी, मोजणारच." मग आवाज खाली आणून म्हणाला, "कोरा तसाच सोडणाऱ्या तुम्ही नाही, म्हणून बसून राहिलो. तासभर."

मी त्याला खूप बोलले. निघण्याआधी बघता येत नव्हतं का, नको ते प्रश्न विचारायचे कशाला, मेला असतास तर. बोलताबोलता तुम्हीचा तू कधी झाला कळलं नाही. पाना लावला, तसे त्याने वरून आपले हात ठेवले. खट. मी ठिपका दिला.

"आता माझ्या प्रश्नाचं उत्तर," तो म्हणाला.

मी उजवा हात पुढे केला. त्याने बाटली घेतली आणि पत्र्यावर पाऊस कोसळत असताना माझी पाचही नखं रंगवली, फार वाईट, अर्धा रंग बोटांवर. आजही तसाच रंगवतो.

"आठ दिवसांनी गाडी आण," मी म्हटलं. "स्प्रिंगा तोवर बसतात. पुन्हा तपासावं लागतं."

"चार दिवसांनी आणली तर?"

"तरी तपासेन."

पिकअप मी एका हाताने चालवत आणली, रंग ओला होता म्हणून. बाबा तिथेच बसलेले, मान दाराकडे.

"भेटला?"

"भेटला. आवळला. ठिपका दिला."

त्यांनी नाक वर करून वास घेतला. एकदा, पुन्हा एकदा.

"एका नटाला एवढं नेलपॉलिश?"

मी झटकन उजवा हात पाठीमागे लपवला, डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसापासून.