राणीच्या दारातली बुजवलेली भोकं

साहेब, नाव घेत नाही, पण राणीला गंज तुम्ही लावलात. मीठ, पाणी, हवा यांची पाळी नंतरची.

राणी म्हणजे जनाआत्याची मासळीची गाडी. ज्या वर्षी चंद्रावरच्या वस्तीत सुके बांगडे जाऊ लागले, त्याच वर्षी तुमचा तपासनीस यंत्रमानव खाडीकाठी आला. प्रत्येक गाडी ठोकून बघायचा, म्हणून वाडीने त्याचं नाव ठोक्या ठेवलं. काही वर्षांनी त्याने हातोडीचं बोट राणीच्या दारावर मारलं आणि दाराची खालची कड पापडासारखी गळून पडली.

"संध्याकाळी भंगारात," ठोक्या म्हणाला.

आत्या पडलेले तुकडे गोळा करू लागली. राणी गेली तर घाटावरच्या बाजारात मासळी न्यायची कशी, डोक्यावरून? तिची भाची मिथिला मात्र कंबरेवर हात ठेवून ठोक्याला विचारू लागली: आमची होडी जन्मभर खाऱ्या पाण्यात असते, तिचं लोखंडी सुकाणू ठणठणीत. राणी कधी पाण्यात उतरली नाही, मग तीच कशी गंजली?

मुलांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचंच, अशी ठोक्याची घडण होती. तो कुरकुरत खाली बसला. त्याचेही गुडघे गंजलेले.

त्याने सांगितलं ते असं. लोखंडाला पाणी आणि ऑक्सिजन (प्राणवायू) दोन्ही भेटले, की त्याचे इलेक्ट्रॉन (अणूतले सूक्ष्म विद्युतकण) निसटतात आणि लोखंडाचा गंज होतो. पाण्यात मीठ असेल तर विजेला वाट सोपी, म्हणून गंजाची घाई. होडीच्या सुकाणूवर जस्ताची वडी बसवलेली असते. जस्त आपले इलेक्ट्रॉन लोखंडाआधी देऊन टाकतं आणि स्वतः झिजतं. घरातल्या थोरल्या जाऊबाईंसारखं.

मिथिलाने लगेच एक वडी आणून काथ्याने राणीच्या नाकाला बांधली.

"जोडीला लिंबू-मिरचीही बांध," आत्या म्हणाली.

ठोक्याने मान हलवली. सुकाणू पूर्ण बुडालेलं असतं, म्हणून वडीपासून त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत पाण्यातून वाट असते. गाडीभोवती हवा. नाकावरची वडी दाराला काय वाचवणार? गाडीला जस्त अंगभर हवं: गंज घासून काढायचा, कोरडं करायचं, जस्ताचा रंग द्यायचा आणि आत पाणी साठू द्यायचं नाही.

"पण दारात पाणी साठलंच कसं?" मिथिलाने विचारलं.

ठोक्याने दिवा लावून दाराखाली पाहिलं. पाणी निथळायला कारखान्याने ठेवलेली भोकं होती, पण सिमेंटने बुजवलेली. मासळीवरच्या बर्फाचं खारं पाणी आत कोंडून बसलं होतं. हे कोणत्या शहाण्याने केलं, असं त्याने विचारलं.

आत्या शांतपणे म्हणाली, "रस्त्यावर मासळीचं थेंबभर पाणी सांडलं तर गाडी जप्त, हा साहेबांचा हुकूम चावडीवर तूच वाचलास ना, मेल्या? मग सगळ्या वाडीने भोकं बुजवली."

ठोक्या आपल्या नोंदीत तो हुकूम शोधू लागला.

तेवढ्यात मिथिलाने एका भोकातलं सिमेंट उकरलं, नळी बसवली आणि नळीखाली डबा टांगला. पाणी डब्यात, रस्ता कोरडा, दार कोरडं. मग तिने गंज घासून दाराला जस्ताचा रंग दिला आणि उरलेला ठोक्याच्या गुडघ्यांना फासला. तो न कुरकुरता उठला आणि त्याने भंगाराचा हुकूम थांबवला. तुमचं उत्तर येईपर्यंत.

वाडीतल्या सगळ्या गाड्यांना आता नळ्या लागताहेत. चंद्रावर जाणाऱ्या गाडीलाही लावीन म्हणते पोरगी, आणि लावेल.

तेव्हा बोला साहेब. एका पोरीला सुचलेला डबा तुम्हाला का सुचला नाही? आणि भोकं बुजवायला लावणारा हुकूम कधी मागे घेताय?