गुरुवारची बादली

दाराची कडी वाजली तेव्हा भाऊजींचा चहा नुकता कुठे पिण्याजोगा झाला होता. आता हा निवणार, हे त्यांनी ओळखलं आणि निमूटपणे कप ठेवून दार उघडायला उठले.

दारात तिशीची एक बाई उभी होती. पायात रबरी बूट, कमरेला खोचलेले हातमोजे आणि रडून लाल झालेले डोळे. तपास करणाऱ्या बाई इथंच राहतात का, असं तिनं विचारलं. भाऊजींनी मागं बोट दाखवलं.

थोरला भाऊ गेल्यावर वहिनींनी पुढच्या खोलीत टेबल मांडलं आणि बाहेर ‘खासगी तपास’ अशी पाटी लावली, त्याला आता नऊ वर्षं झाली. भाऊजी त्याच सुमारास टपाल कचेरीतून निवृत्त झाले होते. वही-पेन घेऊन वहिनींच्या मागं फिरायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. वहिनींचं डोकं धावायचं, भाऊजींचं चालायचं. चालणारा माणूस सोबत असला की आपण धडपडत नाही, असं वहिनी म्हणायच्या. भाऊजींना हे कौतुक वाटे, आणि ते बहुधा कौतुकच होतं.

बाईनं आपलं गाऱ्हाणं सांगितलं. ती कचऱ्याची गाडी ढकलणाऱ्या मावशींची सून. सासूची नोकरी सव्वीस वर्षांची, एकही डाग नाही. आणि या सोमवारी खताच्या शेडमध्ये आक्रीत घडलं. तिथं प्रत्येक इमारतीच्या ओल्या कचऱ्याची वेगळी पेटी असते, वर तारीख लिहिलेली. कोपऱ्यावरच्या तीन मजली इमारतीच्या पेटीत निरीक्षकांना एक पुडकं सापडलं. आत वापरलेल्या सात सिरिंजा, सुयांसकट.

“त्या इमारतीत खाली दवाखाना आहे,” सून म्हणाली. “साहेब म्हणतात, दवाखान्याच्या सुया सासूबाईंनी गुपचूप गाडीत घेतल्या. सुई घरातून निघाली तर तो घरगुती घातक कचरा, त्या घराला समज देऊन सोडतात. तीच दवाखान्यातून निघाली तर जैववैद्यकीय कचरा. मग दवाखान्याला टाळं आणि सासूबाईंना घरचा रस्ता. उद्या अकराला निकाल आहे.”

“म्हणजे सुई तीच, निघाली कुठून त्यावर सगळं,” वहिनी म्हणाल्या. “पेटीवर तारीख कुठली?”

“गेल्या गुरुवारची.”

“त्या दिवशी गाडी कोणी ढकलली?”

सुनेनं मान खाली घातली. सासूला ताप होता म्हणून त्या एका दिवशी तीच गेली होती, हजेरी मात्र सासूच्याच नावावर लागली. हे साहेबांना सांगायला ती निघाली, तर सासूनं मनगट धरलं. तू तोंड उघडलंस तर माझ्याशी गाठ आहे, म्हणाली. स्वतः तर एक अक्षर बोलायला तयार नाही.

“मला आई नाही,” सून म्हणाली. “या घरात आल्यावर झाली. तिच्या तोंडचा घास माझ्यामुळं जातोय, आणि मला काही करता येत नाही.”

भाऊजींनी न विचारता आपला चहा तिच्यापुढं सरकवला.

*

शेडमध्ये मावशी सुका कचरा निवडत बसल्या होत्या. हात यंत्रासारखा चालला होता: कागद इकडे, काच तिकडे, पत्रा मागे. वहिनींना पाहून त्यांनी पाट सरकवला, पण प्रश्नांना दाद दिली नाही. ताई, तुम्ही कशाला दमता, माझं व्हायचं ते होईल, एवढंच म्हणाल्या.

सापडलेलं पुडकं पारदर्शक पिशवीत मोहोर लावून ठेवलं होतं. वर्तमानपत्राचा कागद, त्याला जाड पांढरा सुती दोरा, दोऱ्याची नेटकी गाठ, वर ठळक लाल खूण. उकललेल्या टोकातून बारीक सिरिंजा दिसत होत्या. प्रत्येक सुईवर नारिंगी टोपण परत बसवलेलं होतं.

असं पूर्वी कधी सापडलंय का, असं वहिनींनी विचारलं. सून म्हणाली, कध्धीच नाही. मावशी काचा निवडत राहिल्या.

कोपऱ्यात घातक कचऱ्याचं झाकणाचं पिंप होतं. दर तीन महिन्यांनी ते मोठ्या गाडीतून जातं, तोवर त्यात कोणी डोकावत नाही. वहिनींनी सुनेचे हातमोजे मागून घेतले आणि झाकण उचललं. भाऊजींनीही मान लांब केली. जुन्या बॅटऱ्या, फुटके दिवे, रंगाचे डबे आणि लाल खुणांची वर्तमानपत्राची काही पुडकी. बाळांच्या लंगोटांची पुडकी चुकून इथं पडली वाटतं, असं म्हणून भाऊजींनी नाक दाबलं. वहिनी मात्र बराच वेळ वाकून होत्या.

*

इमारतीच्या जिन्यात सुवाच्य अक्षरांतला फलक होता. ओला कचरा, सुका कचरा, सॅनिटरी कचरा, घरगुती घातक कचरा. प्रत्येकाची व्याख्या, खाली उदाहरणं. लंगोट व पॅडसमोर लिहिलं होतं: ‘कागदात गुंडाळून, दोऱ्याने बांधून, वर लाल खूण करून द्यावे.’ सुया व सिरिंजा, मुदत संपलेली औषधं, बॅटऱ्या यांच्यासमोर: ‘दुसऱ्या मजल्यावरील पेटीत, नोंद करून.’

तळमजल्यावर डॉक्टरीणबाईंचा दवाखाना. दारावर वेळा, खाली ‘रविवारी बंद’. बाई आधीच वैतागलेल्या होत्या. त्यांनी पिवळ्या पिशव्या दाखवल्या, सुया तोडायचं यंत्र दाखवलं. टोचून झालं की सुई तिथल्या तिथे यंत्रात तुटते. टोपण परत लावायला गेलं की आपल्याच बोटात घुसते, हे आम्हाला पहिल्या वर्षी घोकून घेतात, म्हणाल्या. इमारतीतलं कोणी इंजेक्शन घेतं का, असं विचारल्यावर त्यांचा चेहराच मिटला. पेशंटचं नाव मी माझ्या आईलासुद्धा सांगत नाही, म्हणाल्या.

पहिल्या मजल्यावर एक मुलगी घरी केक करून विकत असे. तिच्या ओट्यावर भाऊजींना चार सिरिंजा दिसल्या. त्यांनी वहिनींना कोपरानं ढोसलं. पण त्या अंगठ्याएवढ्या जाड होत्या, त्यांना सुया नव्हत्या आणि एकीत जॅम भरलेला होता. तिच्या बादलीत अंड्यांची टरफलं आणि प्लॅस्टिक गुण्यागोविंदानं नांदत होतं. वरचे आजोबा त्यावरून रोज ओरडतात, म्हणाली. पुडक्याचं वर्णन ऐकून हसलीच. मला केस बांधायला वेळ नाही, पुडकी कधी बांधू?

वरचे आजोबा म्हणजे नियमबाबा. कायद्यांचे मसुदे लिहिण्यात त्यांची हयात गेली होती, आणि निवृत्तीनंतर ती सगळी विद्या त्यांनी या एका जिन्यावर ओतली होती. जिन्यातला फलक त्यांचा, घातक कचऱ्याची पेटी त्यांच्या व्हरांड्यात, तिची नोंदवही त्यांच्या हाती. त्यात कोणत्या घरानं, कोणती वस्तू, कशामुळं दिली, असे रकाने. रोज सकाळी आठाला ते काठी घेऊन खाली उभे राहत आणि प्रत्येक बादली ढवळून मगच मावशींच्या हवाली करत. फक्त गुरुवार सोडून. त्या दिवशी आठाला प्रभाग समितीची बैठक असते.

“निर्माता कोण, म्हणजे कचरा निघाला कोणाकडून, हे आधी ठरलं पाहिजे,” ते वहिनींना म्हणाले. “व्याख्या पक्की असली की माणूस सुटत नाही.”

त्यांच्या बायकोला, काकूंना, सगळी इमारत जीव लावून होती. त्यांनी तिघांना चहा दिला. नियमबाबांनी आपल्यात तीन चमचे साखर घातली आणि वर बिस्किटं बुडवली. काकूंनी स्वतःला कप घेतला नाही. आत्ताच झाला म्हणाल्या आणि खिडकीपाशी क्रोशाचा रुमाल विणत बसल्या. निघताना त्यांनी दारापर्यंत येऊन विचारलं, मावशींचं काय होईल हो? जिन्यात आल्यावर वरून पुन्हा तेच विचारलं.

“केकवालीच,” भाऊजी रस्त्यात म्हणाले. “वरवर हसत होती.”

“भाऊजी, तुम्ही केक खायला पुन्हा जाऊ पाहताय,” वहिनी म्हणाल्या. हे निम्मं खरं होतं.

*

दुसऱ्या दिवशी दहाला वहिनींनी सगळ्यांना नियमबाबांच्याच दिवाणखान्यात जमवलं. निरीक्षकांनी मावशींना काढण्याचा कागद बरोबरच आणला होता. मावशी दाराशी उभ्या राहिल्या. काकूंनी हाताला धरून त्यांना खुर्चीत बसवलं.

“साहेब, ही सुई दवाखान्याची नाही,” वहिनींनी सुरुवात केली. “दवाखान्यात सुई वापरल्याबरोबर तुटते. या सातही अखंड आहेत, वर टोपण लावलंय. ही घरात टोचून घेणाऱ्या माणसाची सवय.”

डॉक्टर एखाद्या दिवशी चुकली असेल, असं निरीक्षक म्हणाले.

“एखाद्या दिवशी चुकेल. मी काल तुमच्या पिंपात अकरा पुडकी मोजली, हातमोजे घालून. तसाच कागद, तशीच लाल खूण. त्यातली तीन उघडली, प्रत्येकात सात. दर आठवड्याला सात, म्हणजे रोज एक. रविवारीसुद्धा. आणि रविवारी दवाखाना बंद असतो.”

डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा सोडला. भाऊजींना आता कुठे त्या लंगोटांचा उलगडा झाला.

“आता केकवालीचं पाहू. तिच्या सिरिंजेला सुई नाही आणि तिला पुडकं बांधायचा कंटाळा. हे पुडकं तर फलकाबरहुकूम बांधलंय. कागद, दोरा, लाल खूण. टाकणाऱ्यानं एक नियम मोडला, पण मोडतानाही मावशींच्या बोटाची काळजी घेतली.”

“मग पेटीत का नाही दिलं?” नियमबाबा कडाडले. “माझ्या व्हरांड्यात पेटी आहे!”

“पेटीशी वही आहे, आजोबा. त्या माणसाला आपलं दुखणं तुमच्या वहीत जायला नको होतं. बादलीत टाकावं, तर रोज तुमची काठी. उरला गुरुवार.”

निरीक्षकांनी विचारलं, इतके महिने हे ओल्या कचऱ्यात पडत होतं, तर शेडमधल्या पेटीत एकदाच कसं सापडलं?

“कारण दर गुरुवारी मावशी ते बादलीतून काढून घातक कचऱ्याच्या पिंपात टाकत होत्या. कायद्यानं जिथं जायला हवं तिथंच. गेल्या गुरुवारी त्यांना ताप होता. गाडी सुनेनं ढकलली, तिला हे गुपित ठाऊक नव्हतं, तिनं बादली उपडी केली. सुनेचं नाव निघू नये आणि दुसऱ्याचं गुपित फुटू नये, म्हणून या बाईनं नोकरीवर पाणी सोडायची तयारी केली.”

सून सासूकडे बघतच राहिली. मावशींनी तिच्याकडे पाहायचं टाळलं.

“इथवर मी आले,” वहिनी म्हणाल्या. “पुढचं नाव मी घेणार नाही.”

नावाशिवाय मला काही लिहिता येत नाही, असं निरीक्षक म्हणाले. निर्माता ठरला नाही तर कागद आहे तसाच राहील. ते तसे वाईट नव्हते, पण त्यांचाही इलाज नव्हता.

“मग राहू द्या साहेब,” मावशी उठत म्हणाल्या. “माझंच नाव घाला आणि मोकळे व्हा.”

तेव्हा खिडकीपाशी काकूंनी विणकाम खाली ठेवलं. जाड पांढऱ्या दोऱ्याचं रीळ गडगडत भाऊजींच्या पायाशी आलं. भाऊजींनी ते उचललं, पाहिलं. पुडक्याला हाच दोरा होता.

“बसा मावशी,” काकू म्हणाल्या. “सुया माझ्या आहेत.”

नियमबाबांना आधी कळलंच नाही. काकू सरळ त्यांच्याशी बोलू लागल्या. वन्सं, म्हणजे त्यांची बहीण, साखरेच्या आजारानं गेल्या, पाय कापला तरी गेल्या, तेव्हा नियमबाबा तीन महिने झोपले नव्हते. खालच्या डॉक्टरांनी तोच आजार सांगितला आणि काकूंना पहिली आठवण झाली ती त्या जागरणांची. आणि दुसरी, खरं सांगायचं तर, त्या वहीची.

“तुम्ही माझ्या घासाघासाचे रकाने पाडले असते,” त्या म्हणाल्या. “मला तुमच्या वहीत जायचं नव्हतं. मावशींना पहिल्याच गुरुवारी पुडकं दिसलं. त्यांनी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. पण माझ्यापायी त्यांची भाकरी जात असेल तर मला असलं गुपित नको.”

निरीक्षकांनी मावशींचा कागद घडी करून खिशात घातला आणि दुसरा कोरा काढला. घरगुती घातक कचरा, पहिली समज. सुनेनं विचारलं, मग सासूबाईंचं? ते म्हणाले, सोमवारपासून कामावर, आणि यापुढं बदली असेल तर हजेरीत बदलीचंच नाव. मग पेन उचलून त्यांनी नियमबाबांकडं पाहिलं. निर्माता म्हणून नाव कोणाचं घालू, काकूंचं?

“नाही,” नियमबाबा म्हणाले. आवाज फाटला होता. “नियमात निर्माता म्हणजे घर. घर आमचं दोघांचं आहे. दोघांची नावं लिहा.”

त्यांनी सही केली. अक्षर सुवाच्य आलं नाही. मग ते उठून खिडकीपाशी गेले आणि बायकोसमोर उभे राहिले. खोलीत एवढी माणसं आहेत हे ते विसरले असावेत.

“पहिल्या दिवशी कोणी टोचली?”

“मीच.”

“दुखलं?”

“खूप दुखलं.”

“मी पलीकडच्या खोलीत होतो ना गं. हाक मारायची होतीस.”

काकूंनी त्यांचा हात धरला, आणि नियमबाबा सगळ्यांदेखत रडले.