दुभंगलेले काटे

१९५४ च्या श्रावणातली ती सकाळ गणपतराव ड्रॉइंगमास्तरांना म्हातारपणीही लख्ख आठवायची.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्राध्यापक नृसिंहराव डोक्याला हात लावून बसले होते. पानांवर काजळीसारख्या पसरणाऱ्या बुरशीच्या एका अख्ख्या प्रजातीतल्या जातींची ते नव्याने मांडणी करत होते. सूक्ष्मदर्शकातून पाहून चित्रं काढायचं काम गणपतरावांचं.

"कुणीतरी पान बदललंय, हंबीरराव," नृसिंहराव म्हणाले. "नमुन्याचं पाकीट तेच, एकतीस सालचं. गेल्या आठवड्यात या बुरशीचे काटे सरळ होते. आज टोकं दुभंगलेली!"

"सरळच होते. माझं चित्र आहे ना," गणपतराव म्हणाले.

हंबीरराव पूर्वीचे फौजदार, आता खासगी तपास करत. "सरळ असले तर काय बिघडतं?"

"मग आधीच्या सरळ काट्यांच्या जातीहून ही वेगळी जात उरत नाही. नमुना जमवणाऱ्या अंबादासअण्णांवरून दिलेलं 'अंबादासी' हे नाव रद्द होतं."

हंबीररावांनी पान उजेडात धरलं. वाळलेलं होतं, पण कडेला हिरवट झाक होती. "कपाटाच्या किल्ल्या कुणाकडं?"

दोघांकडे होत्या. सुट्टीच्या रविवारी कुठं होता, असं हंबीररावांनी दोघांनाही विचारलं. शिपाई आकाराम म्हणाला, "रविवारी म्या हातकणंगल्याला गेलतो की, साहेब. पाकिटाला हात लावलेला न्हाय."

मदतनीस पद्मजाताई म्हणाल्या, "मी जयसिंगपूरला मावशीकडे होते. अण्णांनी जमवलेलं पाकीट मी कशाला उघडू?"

गणपतरावांचा संशय आकारामवर. हंबीरराव मात्र दाराबाहेरच्या चपला बघत राहिले. आकारामच्या चपलांना काळा चिखल होता, पद्मजाताईंच्या चपलांना तांबडा.

"तेवीस वर्षांचं पान हिरवं राहत नाही," ते वळून म्हणाले. "हे नुकतंच वाळवलंय. तसल्याच झाडावर दुभंगल्या काट्यांची बुरशी हुडकणं आकारामला जमायचं नाही. आणि ताई, जयसिंगपूरची माती काळी. तांबडी लागते ती राधानगरीच्या रानात. अंबादासअण्णा तुमचे कोण?"

"वडील," पद्मजाताई म्हणाल्या. "त्याच रानात पानं वेचताना भिजले, तापानं गेले. एवढं एकच नाव राहिलंय त्यांचं." वहीत जपलेलं जुनं पान त्यांनी पुढे केलं.

नृसिंहरावांनी ते पान हातात घेतलं. बुरशी ओळखायला त्यांना अण्णांनीच शिकवलं होतं.

"पद्मजा, अण्णांनी काय केलं असतं?"

"नाव खोडलं असतं," ती हळूच म्हणाली.

"रद्द झालेलं नावही खऱ्या नावाखाली छापावं लागतं, पोरी. ते पानही कायम जपावं लागतं. ती ओळ तूच लिही."

तिने टाक उचलला. अक्षर, गणपतराव सांगत, हुबेहूब पाकिटावरच्या अण्णांच्या अक्षरासारखं उमटलं.