खोटं उत्तर

"तुमचा पासवर्ड पक्का आहे का? मला पाठवा, तपासून देते."

सकाळी चहाच्या वेळी हा मेसेज लेखिकेच्या खात्यावरून तिच्या हजारो वाचकांना गेला. पासवर्ड सख्ख्या भावालाही सांगू नका, असं वर्तमानपत्रातल्या सदरात दर आठवड्याला बजावणारी हीच बाई! वाचक बिचारे इतके भाबडे, की भराभर पासवर्ड धाडून मोकळे झाले. ते बदलायला सांगता सांगता तिचा घसा बसला.

त्यातच संपादकांचा फोन. "मेसेज तुमच्या घरच्याच इंटरनेटवरून गेलाय. तुम्ही पाठवला नाहीत, हे संध्याकाळपर्यंत सिद्ध करा. नाहीतर सदर बंद."

दुपारी सायबर शाखेचे इन्स्पेक्टर आले. घरात तिघंच होती. लेखिका, तिचा कादंबरीकार नवरा आणि राहायला आलेली मोठी बहीण, कॉम्प्युटरची प्राध्यापक.

"पासवर्ड फोडलेला नाही," इन्स्पेक्टर म्हणाले. "कुणीतरी 'पासवर्ड विसरलात?' दाबलं. मग तुम्ही निवडलेला प्रश्न आला, लहानपणी मिळालेली लाडकी भेट कोणती? पहिल्याच फटक्यात उत्तर बरोबर."

"शक्यच नाही! अशा प्रश्नाला मी खरं उत्तर देतच नाही. वाचकांनाही तेच सांगते. खरं कुणीही शोधून काढतं."

"मग खोटं काय दिलंत?"

लेखिका अडखळली. त्यांच्या कानात सांगताना ती लाजेनं लाल झाली.

"हे कुणाला माहीत होतं?"

"कुणालाच नाही. नवऱ्यालासुद्धा."

नवऱ्याची कादंबरी गोदामात धूळ खात पडली होती. इन्स्पेक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "बायकोचा हेवा वाटतो?"

"वाटतो की. लोक मला तिचा नवरा म्हणून ओळखतात. पोटात दुखणारच."

"त्यांची लहानपणची लाडकी भेट?"

"दुर्बीण. मामांनी दिलेली. ऐकून ऐकून कान किटलेत."

ताईला बोलावलं, तेव्हा इन्स्पेक्टर भिंतीवरचा फोटो निरखत होते. ताई नव्याकोऱ्या हिरव्या सायकलवर ऐटीत बसलेली, मागे धाकटी कॅरिअर धरून उभी.

"सायकल कुणाची?"

"माझी. पहिला नंबर आला म्हणून मिळाली. हिला हातसुद्धा लावू द्यायचे नाही मी."

"आणि त्यांची लाडकी भेट?"

"दुर्बीण. लेखही लिहिलाय तिनं त्यावर. आणि ते पासवर्डचे लेख कसले, माझ्या पहिल्या वर्षाच्या मुलांनाही येतं ते! आणि कॉलेजात मलाच विचारतात, तुम्ही त्या लेखिकेच्या बहीण ना?"

इन्स्पेक्टरांनी तिघांना एकत्र बसवलं.

"नवऱ्यानं 'दुर्बीण' टाकलं असतं. लेख वाचलेल्या कुणीही तेच टाकलं असतं. पण ते एकदाही टाकलेलं नाही. म्हणजे उत्तर खोटं असणार हे चोराला ठाऊक होतं, आणि खोटं काय सुचणार, हेही. बाईंनी लिहिलं होतं, 'हिरवी सायकल'."

नवऱ्यानं चमकून फोटोकडे पाहिलं.

"खोटं सांगायला बसल्या, तरी त्यांना मनातलंच सुचलं. हे कोण ओळखेल? सायकलवर बसून जिनं रोज धाकटीचं आसुसलेलं तोंड पाहिलंय ती. आणि याच घरातून मेसेज गेला की आळ बाईंवरच येणार, हे प्राध्यापकांना कुणी शिकवायला नको. ताई, तुमचा लॅपटॉप द्या."

ताईनं लॅपटॉप घट्ट धरला. मग एकदम फुटली.

"डॉक्टरेट मी केली! आयुष्यभर पहिला नंबर माझा, आणि टाळ्या हिला? मला बघवत नाही!"

लेखिकेचे डोळे भरून आले. "तुझी सायकल नव्हती गं हवी मला. एकदा डबलसीट न्यायचंस फक्त."

फोन वाजला. संपादकच होते. लेखिकेनं फोन ताईपुढे धरला. "तूच सांग."

ताईनं तो कानाशी धरला. पलीकडून विचारलं, कोण बोलतंय.

"मी," ताई म्हणाली, "लेखिकेची बहीण."