एकटीच जाऊन आले

"तुमी अकोल्याच्या काय?"

कालक्याहून शिमल्याला निघालेल्या त्या चिमुकल्या गाडीत कोणी असं आपल्या बोलीत विचारेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. समोरच्या बाकावरचा उंच, सावळा मुलगा हसू आवरत होता.

"परतवाड्याची," मी ताठ बसत म्हटलं. "कसं ओळखलं?"

त्यानं नुसतं माझ्या डोक्याकडे बोट केलं. अग बाई... बाकीच्यांच्या डोक्यावर लोकरीच्या टोप्या, आणि मी आमच्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात स्कूटीवर निघाल्यासारखी तोंडभर स्कार्फ बांधून बसलेली, फक्त डोळे उघडे! मी मुळातच फटकळ. तणतणत स्कार्फ सोडला. तर हा बॅगेची चेन उगाचच उघडझाक करायला लागला.

कुलदीप त्याचं नाव. अकोल्यात बँकेत नोकरी, गावाकडे पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं वावर. तोही एकटाच निघाला होता. मी घरच्या बगिच्यातलं संत्रं सोलून अर्धं त्याला दिलं. मग गाडी वळली आणि आम्ही बोलायचंच विसरलो. आमच्यासाठी डोंगर म्हणजे चिखलदरा. इथं मोठाल्या झाडांचे शेंडे खाली राहिले होते आणि घारी पायाखालून उडत होत्या. जन्मभर मान वर करून पाहिलेली घार... तिची पाठ मी पहिल्यांदा पाहिली.

शिमल्यात उतरायचं हॉस्टेलही एकच निघालं. मुलींची खोली वर, मुलांची खाली, स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून. तिथं त्यानं माझ्या चहाला नावं ठेवली, मी त्याच्या पोह्यांना. पण आत कुठंतरी धाकधूक होती. या एकटीच्या प्रवासासाठी मी घरी किती भांडले होते! भागीरथा आत्या गल्लीभर सांगत फिरली होती, एकटी कायची चालली, कोनी ना कोनी असनच. तरी बाबांनी विश्वास टाकला. आता मी कोणासोबत परतले, की आत्या खरी ठरणार आणि माझ्या पाठच्या करिश्माला पुढं कोणी अमरावतीलाही एकटं सोडणार नाही. म्हणून मी स्वतःला बजावत होते, प्रणाली, हा आपला गावाकडचा माणूस, बस्स.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेले, तर दूरवर बर्फाचे डोंगर उजळत होते. एवढं मोठं काही जगात असतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. सगळ्यांचे फोन वर गेलेले, आणि कुलदीप... गारढोण फरशीवर अनवाणी उभा. बूट बाजूला काढून ठेवलेले. आमच्याकडे खळ्यात पाय ठेवताना असंच करतात, धान्याच्या राशीपुढे पायताण चालत नाही.

"बूट काऊन काढले?" मी हळूच विचारलं.

"राहवलं नाई. एवढं मोठं हाये समोर... अन् आपन बूट घालून उभं?"

माझे डोळे भरून आले. मीही बूट काढले. तळवे बधिर झाले, समोर बर्फ गुलाबी होत गेलं, आणि मी त्याच्या प्रेमात पडले. सांगायला लाज कसली!

खाली आल्यावर तो अडखळत म्हणाला, त्याचं परतीचं तिकीट माझ्याच गाडीचं आहे, सोबतच जाऊ या का. मग मी त्याला आत्याचं, बाबांचं, करिश्माचं, सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता हा रुसणार.

"मंग मी आजच निघतो," तो म्हणाला. "तुमची सफर तुमचीच राहू द्या. पन... परतवाड्याले आलो तं दार उघडसान का?"

"आधी बाबाले सांगीन," मी म्हटलं. "मंग या. समोरच्या दारानं."

तो गेला. मी हट्टानं ठरलेले सगळे दिवस राहिले, सगळं एकटीनं पाहिलं. डोंगर तेवढेच थोर होते. मलाच सारखं कोणाला तरी दाखवावंसं वाटत होतं.

बडनेऱ्याला बाबा घ्यायला आले होते. त्यांनी माझ्या खांद्यावरून डब्यात नजर टाकली. मागून कोणी उतरलं नाही. त्यांचा चेहरा असा खुलला, की माझा धीर सुटायच्या आत मी बोलून टाकलं.

"बाबा, एकटी गेली, एकटीच आली. पन आता त्या डोंगरात पुन्हा एकटी नाई जाची मले. अकोल्याचा कुलदीप हाये एक, बँकेत हाये, घरी वावर हाये... तिथंच भेटला. त्याले सोबत नाई येऊ दिलं मी."

बाबांनी बॅग उचलली. पुलाच्या पायऱ्या चढता चढता त्यांनी विचारलं,

"वावर वलिताचं हाये का कोरडवाहू?"

"कोरडवाहू," मी कशीबशी म्हणाले.

"चालन," बाबा म्हणाले. "बोलाव त्याले."